अंड्याचं वजन आणि पक्ष्याचं वजन

न्यूझीलंडच्या तपकिरी किवीची मादी साधारण २.८ किलोची असते, म्हणजे आपल्याकडच्या दणकट गावठी कोंबड्याएवढी. एम्परर पेंग्विनची मादी अंडं घालते तेव्हा तिचं वजन ३० किलोच्या आसपास असतं. दोघींची अंडी एकापाठोपाठ एक तराजूत ठेवली तर काटा जवळपास एकाच आकड्यावर थांबेल: ४५० ग्रॅमच्या अलीकडे-पलीकडे. एकीच्या अंगाचा तो सहावा-सातवा हिस्सा, दुसरीच्या अंगाचा साठावाही नाही. उडता दोघींनाही येत नाही.

म्हणून ‘न उडणाऱ्या पक्ष्यांची अंडी मोठी असतात’ असं कुणी म्हणालं की आधी विचारायचं: तराजूवर मोठी, की आईच्या मानाने मोठी? तराजूवर आज शहामृगाला तोड नाही. १.४ किलोचं अंडं, १५ सेंटीमीटर लांब, १३ सेंटीमीटर रुंद. कोंबडीची दोन डझन अंडी एका कवचात. पण मादी १०० किलोच्या पुढची, त्यामुळे हिशेब सव्वा टक्क्याच्या आसपास येतो. अंड्यांसाठी पाळलेली पावणेदोन किलोची कोंबडी ५८ ग्रॅमचं अंडं देते, म्हणजे तीन टक्क्यांहून थोडं जास्तच, आणि तेही वर्षातले बहुतेक दिवस. आईच्या मानाने पाहिलं तर शहामृगाचं अंडं पक्षिजगतातल्या सगळ्यात लहान अंड्यांपैकी आहे. एमूचंही तसंच: ४० किलोची मादी, ६०० ग्रॅमचं अंडं, दीड टक्का.

अंग वाढतं त्या प्रमाणात अंडं वाढत नाही. पक्षी दुप्पट जड झाला तर अंडं साधारण पावणेदोन पट होतं. उडणं सुटलं की वजनावरची मोठी मर्यादा उठते, अंग सुटतं, आणि अंडं टक्केवारीत मागे पडत जातं. किवी हा या नियमाचा अपवाद आहे. लोक नेमका अपवाद लक्षात ठेवतात आणि त्यालाच नियम समजतात.

घरी मोजायचं असेल तर

ताज्या अंड्याचं वजन तराजूशिवाय काढता येतं. लांबी आणि रुंदी सेंटीमीटरमध्ये घ्यायची:

वजन (ग्रॅम) = ०.५४८ × लांबी × रुंदी × रुंदी

०.५४८ ऐवजी ०.५१ घेतलं तर घनफळ मिलिलिटरमध्ये मिळतं. कोंबडीच्या ५.७ बाय ४.४ च्या अंड्यावर करून पाहा, ६० ग्रॅम येईल. १३ बाय ९ चं एमूचं अंडं ५७७ ग्रॅम. शहामृगाचं १५.५ बाय १२.८ चं अंडं १३९० ग्रॅम.

रुंदी दोनदा गुणली जाते, म्हणून चूक होते ती तिथेच. रुंदीत दोन मिलिमीटर चुकलात तर एमूच्या अंड्यात २५ ग्रॅमचा फरक पडतो. शिवणाची टेप कवचावरून फिरवून घेतलेलं माप कामाचं नाही, ती वक्राची लांबी झाली. व्हर्नियर कॅलिपर लागतो, आणि दुकानात सहज मिळणारा १५० मिलिमीटरचा कॅलिपर शहामृगाच्या लांबीला पुरत नाही. तेव्हा अंडं टेबलावर आडवं ठेवून दोन्ही टोकांना दोन चौकोनी ठोकळे टेकवायचे आणि ठोकळ्यांमधलं अंतर पट्टीने मोजायचं. ठोकळे एकमेकांना समांतर आहेत ना, हे गुण्याने पाहून घ्या.

सूत्रातून येतं ते घातल्या दिवसाचं वजन. अंडं पडून राहिलं की कवचाच्या छिद्रांतून पाणी उडतं. माप तेच राहतं, वजन उतरतं. सूत्राचं वजन आणि तराजूचं वजन यांतला फरक म्हणजे उडालेलं पाणी. उबवणीच्या वेळी हाच फरक उपयोगी पडतो, त्याकडे पुढे येऊ. पेंग्विनच्या निमुळत्या अंड्याला मात्र हे सूत्र थोडं चुकतं.

किवी

किवीच्या पोटातल्या अंड्याचं क्ष-किरण चित्र अनेकांनी मोबाइलवर पाहिलं असेल. बरगड्यांपासून शेपटापर्यंत नुसतं अंडं, उरलेला पक्षी त्याच्याभोवती कसाबसा दाटीवाटीने बसवलेला. ते चित्र खोटं नाही. अंडं १२ सेंटीमीटर लांब, ८ सेंटीमीटरच्या आसपास रुंद, वजन ४३० ते ४५० ग्रॅम. आईच्या वजनाच्या १५ टक्क्यांहून जास्त. हाच हिशेब ५५ किलोच्या बाईला लावला तर बाळ साडेआठ किलोचं होईल.

अंडं तयार व्हायला महिनाभर लागतो. सुरुवातीला मादी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त खाते. शेवटच्या दोन-तीन दिवसांत पोटात जागाच नसते, मग खाणं थांबतं. बहुतेक पक्ष्यांमध्ये डावा अंडाशयच चालतो, किवीत दोन्ही चालतात. म्हणूनच एवढं अंडं घातल्यावर तीन-चार आठवड्यांत दुसरंही येऊ शकतं.

पण आकारापेक्षा आत काय आहे, ते जास्त महत्त्वाचं. कोंबडीच्या अंड्यात पिवळा बलक एकूण बलकाच्या साधारण एक तृतीयांश असतो. चिमणी-कबुतराची पिल्लं उघडी, आंधळी जन्मतात. त्यांच्या अंड्यात तो आणखी कमी. किवीत पिवळा बलक ६५ टक्क्यांच्या घरात जातो. एवढी शिदोरी कशासाठी, तर आईबाप पिल्लाला भरवत नाहीत. तपकिरी किवीत नर ७० ते ९० दिवस अंड्यावर बसतो. चोचीवर कवच फोडायचा दात नसतो, म्हणून पिल्लू पायांनी लाथा मारून बाहेर पडतं. तेव्हा त्याचं पोट बलकाने इतकं तटतटलेलं असतं की धड उभं राहता येत नाही. पहिला आठवडा-दहा दिवस ते त्या शिदोरीवर काढतं आणि मग स्वतःच किडे शोधायला बाहेर पडतं, पूर्ण पिसांनिशी, मोठ्या किवीची लहान प्रतच जणू.

बरीच वर्षं एक खुलासा सांगितला जायचा: किवी हा मोआसारख्या, आता नामशेष झालेल्या अवाढव्य पक्ष्याचा आक्रसलेला वंशज आहे; अंग लहान झालं, अंडं मात्र जुन्याच मापाचं राहिलं. ऐकायला छान, म्हणून अजून फिरतो. २०१४ साली प्राचीन डीएनए तपासल्यावर किवीचा सर्वांत जवळचा नातलग निघाला तो मादागास्करचा हत्तीपक्षी, न्यूझीलंडचा मोआ नव्हे. दोन बेटांमध्ये अख्खा महासागर, तेव्हा त्यांचे पूर्वज उडत गेले असणार आणि उडणारा पूर्वज काही अवाढव्य नसतो. मला ‘मागे राहिलेलं अंडं’ यापेक्षा ‘तयार पिल्लासाठी वाढवलेलं अंडं’ हे जास्त पटतं, कारण उरलेल्या जागेत पांढरा बलक भरलेला नाही, पिवळा भरला आहे.

एवढी तयारी करून जन्मलेलं पिल्लू सस्तन शिकाऱ्यांपुढे टिकत नाही. युरोपातून आणलेला स्टोट हा मुंगसासारखा चपळ प्राणी जंगलातली बहुतेक पिल्लं मोठी होण्याआधीच मारतो. पिल्लू किलोभराचं झालं की लाथेने त्याला परतवू शकतं. म्हणून न्यूझीलंडमध्ये १९९४ पासून ‘ऑपरेशन नेस्ट एग’ चालतं: बिळातलं अंडं उचलायचं, यंत्रात उबवायचं, पिल्लू साधारण किलो-सव्वा किलोचं होईपर्यंत सांभाळायचं आणि जंगलात परत सोडायचं.

कवच किती जाड असावं

अंडं मोठं करायला बलक वाढवून भागत नाही. वर बसणाऱ्याचं वजन पेलेल इतकं कवच जाड हवं, आणि आतल्या पिल्लाला फोडता येईल इतकं पातळही हवं. शिवाय त्यातून प्राणवायू आत आणि पाण्याची वाफ बाहेर जायला हवी. कोंबडीचं कवच ०.३ ते ०.४ मिलिमीटर, एमूचं १ मिलिमीटरच्या आसपास, शहामृगाचं २. मादागास्करच्या हत्तीपक्ष्याचं ३ ते ४ मिलिमीटर. ३२ बाय २४ सेंटीमीटरच्या त्या अंड्याला वरचं सूत्र लावा: १० किलो वजन आणि नऊ लिटरच्या वर घनफळ. कोंबडीची दीडशेहून जास्त अंडी त्यात मावतील. पक्षी संपून काही शतकं झाली, कवचाचे तुकडे मादागास्करच्या दक्षिण किनाऱ्यावर वाळूत अजून सापडतात.

मोआची गोष्ट उलटी. न्यूझीलंडच्या महाकाय मोआची मादी दोनशे किलोच्या पुढे जायची, नर तिच्या निम्म्याहूनही कमी. कायकोरा इथे सापडलेलं मोआचं अंडं २४ बाय १७.८ सेंटीमीटरचं आहे. सूत्राने चार किलोंच्या पुढे जातं. आणि मोठ्या मोआंची कवचं सापडली ती दीड मिलिमीटरच्याही आतली! शहामृगाच्या तिप्पट वजनाचं अंडं आणि कवच त्याच्याहून पातळ. त्यावर ती मादी बसली असती तर काय झालं असतं, ते सांगायला नको. २०१० साली कवचांच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून डीएनए मिळवला, तो नराचा निघाला. उबवायचं काम हलक्या नराकडे होतं.

शहामृगाकडे दोन मिलिमीटरचं कवच आहे, त्यामुळे नरमादी आळीपाळीने बसतात: दिवसा मातकट रंगाची मादी, रात्री काळा नर. एका घरट्यात अनेक माद्या अंडी घालतात. थोरली मादी स्वतःची अंडी ओळखते, ती मधे ठेवते आणि बाकीच्यांची कडेला सारते. कोल्हा-तरस आले तर आधी कडेची जातात.

हे जाड कवच आपल्या मातीतही सापडलं आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणे इथे एस. ए. साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या कवचाचे तुकडे आणि मणी मिळाले, शिवाय जाळीसारख्या रेघा कोरलेला एक तुकडाही. काळ साधारण २५,००० वर्षांपूर्वीचा. २०१७ साली हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी भारतात मिळालेल्या कवचातून डीएनए काढला आणि तो आफ्रिकेतल्या शहामृगाशी जुळला. कोंबडीच्या टरफलाचा मणी होत नाही, भोक पाडतानाच तुटतो. शहामृगाचं दोन मिलिमीटर जाड कवच टोकदार दगडाने भोक पाडून घेतं आणि खरखरीत दगडावर घासून गोल करता येतं. आफ्रिकेत सान लोक अख्खं कवच पाणी साठवायला वापरत आले आहेत. एकात लिटरभर पाणी आरामात राहतं.

एमूचं अंडं यंत्रात

महाराष्ट्रात या आकाराची अंडी बऱ्याच लोकांनी हाताळली ती एमूपालनाच्या लाटेत. तो धंदा बसला, कारण पिल्लं विकत घ्यायला पुढचा एमूपालकच काय तो होता, मांसाला आणि तेलाला बाजार नव्हता. उबवणीच्या तंत्राचा त्यात दोष नाही. ज्यांच्याकडे अजून जोडी आहे, त्यांच्या उपयोगाचं पुढे लिहितो.

आपल्याकडे एमू ऑक्टोबर ते फेब्रुवारी या थंडीच्या महिन्यांत, बहुधा संध्याकाळी साडेपाच-सातच्या दरम्यान अंडं घालतो. दर दोन-तीन दिवसांनी एक. पहिल्या वर्षी १५ च्या आसपास, पुढे ३० पर्यंत जातात. अंडं त्याच संध्याकाळी उचलायचं. धुवायचं नाही, कारण थंड पाण्याने आतला भाग आकसतो आणि घाण छिद्रांतून आत ओढली जाते. चिखल वाळल्यावर बारीक सँडपेपरने हलकेच काढायचा. गर्द हिरव्या कवचावर साधी पेन्सिल दिसत नाही. पांढऱ्या पेन्सिलीने तारीख, जोडीचा क्रमांक आणि वजन लिहायचं. १५ अंशांच्या आसपास, रोज कूस बदलत, आठवडाभर ठेवता येतं. यंत्रात घालण्यापूर्वी अर्धा दिवस खोलीच्या तापमानाला आणायचं, नाहीतर कवचावर दव धरतं आणि त्यातून जंतू आत जातात.

तापमान ९७ ते ९७.५ फॅरनहाइट. कोंबडीच्या ९९.५ वर सवयीने ठेवलेल्या यंत्रात एमूची पिल्लं शेवटच्या दिवसांत मरतात किंवा लवकर बाहेर पडतात, बेंबी उघडी आणि बलक पोटाबाहेर. कारण असं की वाढलेलं पिल्लू स्वतः उष्णता निर्माण करतं. लहान अंड्यातून ती पटकन बाहेर जाते. मोठ्या अंड्याला वजनाच्या मानाने पृष्ठभाग कमी, उष्णता आत कोंडते. शहामृगालाही यंत्र साधारण एवढंच लागतं, ३६ ते ३६.५ सेल्सिअसच्या मधे.

अंडं आडवं ठेवून दिवसातून निदान पाच वेळा फिरवायचं, ४८ व्या दिवशी फिरवणं बंद. ५० ते ५२ दिवसांत पिल्लू येतं. नराखाली थोडे जास्त दिवस लागतात. तो सात-आठ आठवडे जवळजवळ न खाता बसतो. आपल्या खुडूक कोंबडीचा हट्ट त्याच्यापुढे काहीच नाही.

बहुतेकांची गाडी अडते ती आर्द्रतेपाशी. उबवणीत अंड्याने १२ ते १५ टक्के वजन पाण्याच्या रूपात गमावलंच पाहिजे. तेवढी हवेची पोकळी आत तयार झाली तर पिल्लू पहिला श्वास घेऊ शकतं. ६०० ग्रॅमच्या अंड्याचे ७२ ते ९० ग्रॅम उतरले पाहिजेत, म्हणजे आठवड्याला १० ते १२. अठ्ठाविसाव्या दिवशी तराजूवर ५५० ते ५६० दिसायला हवेत. कमी उतरलं तर पिल्लू सुजलेलं, मान आणि पाय पाणावलेले. कवचात वळता येत नाही म्हणून गुदमरतं. जास्त उतरलं तर आतलं पापुद्रं वाळून अंगाला चिकटतं.

यंत्रात ३०-३५ टक्के आर्द्रता हवी. ती पाण्याच्या ट्रेपेक्षा खोलीतल्या हवेवर जास्त ठरते, कारण यंत्र तीच हवा आत घेऊन तापवतं. ऑक्टोबरातल्या कोकणात २८ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेची हवा ३६ अंशांवर नेली की ट्रे कोरडा असूनही आत ५० टक्के भरते. तिथे ट्रे भरणं म्हणजे पिल्लू बुडवणं. खोलीत एसी लावून २२ अंश आणि ५५ टक्के केलं तर तीच हवा यंत्रात २४ टक्क्यांवर येते, मग ट्रेमध्ये थोडं पाणी टाकून बसवता येतं. उलट मराठवाड्यातल्या डिसेंबरात २० अंश आणि ४० टक्क्यांची हवा आत १६ टक्केच उरते. तिथे ट्रे रोज भरावाच लागेल. एकाच कंपनीचं यंत्र रत्नागिरीत आणि लातुरात एकाच मापाने चालवणाऱ्यांच्या उबवणीत जो फरक पडतो, तो बहुतेक यातूनच.

एकाच मादीच्या अंड्यांतही कवचाची छिद्रं सारखी नसतात. दर आठवड्याला प्रत्येक अंडं तोलून वहीत लिहा. हळू उतरणारी अंडी वेगळ्या, कोरड्या यंत्रात हलवता आली तर उत्तम. दोन यंत्रं नसतील तर बहुसंख्य अंड्यांच्या सोयीने यंत्र ठेवायचं आणि एक-दोन जाणार हे धरून चालायचं.

टॉर्च लावून आत पाहायची सोय एमूत नाही, हिरवं कवच प्रकाश आडवतं. इन्फ्रारेड कॅमेरा असेल तर हवेची पोकळी दिसते. नसेल तर पंचेचाळिसाव्या दिवसानंतर अंडं गुळगुळीत, सपाट फरशीवर ठेवून शीळ घालायची किंवा नखाने टिचकी मारायची. जिवंत पिल्लू आत हललं की अंडं डुलतं. दोन-तीन वेळा पाहिल्याशिवाय मेलं म्हणून बाजूला काढू नका, पिल्लू झोपतंही. वास येत असेल किंवा कवचावर थेंब दिसत असतील तर मात्र थांबायचं नाही, लगेच यंत्राबाहेर. कुजलेलं अंडं आत फुटलं तर शेजारची अंडीही जातात.

कवचाला तडा गेल्यावर मदतीची घाई नको. बलक पोटात ओढला जात असतो आणि रक्तवाहिन्या अजून वाहत्या असतात. त्या वेळी कवच सोललं तर रक्तस्राव होतो. बाहेर आलेलं पिल्लू अंड्याच्या वजनाच्या दोन तृतीयांश भरतं, ४०० ग्रॅमच्या आसपास. त्याला दोन-तीन दिवस हॅचरमध्येच (पिल्लं बाहेर पडतात त्या यंत्रात) राहू द्या, खायला घालू नका. पोटातला बलक पुरतो. खाली फरशी किंवा वर्तमानपत्र नको, गोणपाट अंथरा. गुळगुळीत जागेवर पाय दोन्हीकडे फाकतात, आणि एवढ्या जड पिल्लाचे फाकलेले पाय क्वचितच सरळ होतात.

न उमललेली अंडी फेकण्याआधी मोकळ्या जागेत फोडून पाहा. नुसता बलक असेल तर नराकडे किंवा साठवणीकडे पाहायचं. पहिल्या दोन आठवड्यांत मेलेला गर्भ बहुधा साठवणीचा किंवा तापमानाचा हिशेब देतो. पूर्ण वाढलेलं पिल्लू पाण्याने सुजलेलं निघालं तर वहीतलं त्या अंड्याचं पान उघडा, वजन पुरेसं उतरलं नव्हतं हे तिथे दिसेल.